मागणाऱ्याला बोल लावू नका

चिंचपोकळी, लालबाग, परळ आणि भायखळा या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच आणि घरोघरी प्रार्थनासभा चालवणारे बंधू-भगिनी यांस,



प्रार्थनासभेच्या शेवटी विनंत्या विचारल्या जातात तेव्हा काय काय मागितलं जातं, हे आपणा सर्वांना पाठ आहे. मुलाची नोकरी. मुलीचं जमणं. सासूचे गुडघे. गल्फचा व्हिसा. बिल्डरने थकवलेलं भाडं. नवऱ्याची दारू. डायलिसिस. खोलीची केस. लहानपणापासून मी या विनंत्या ऐकत आले, त्यांतल्या कित्येक स्वतः मांडल्या, आणि त्यांत हसण्यासारखं काही नाही. गरिबाने देवाकडे मागायचं नाही तर मागायचं कुणाकडे? पण एक विनंती मी क्वचितच ऐकली. "काय करावं ते मला कळत नाही, मला शहाणपण मिळावं म्हणून प्रार्थना करा," असं उभं राहून म्हणणारा माणूस विरळा.

याकोबाने मात्र आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात नेमकी हीच विनंती करायला सांगितली आहे. ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने ते देवाकडे मागावं. देव ते मोकळ्या हाताने देतो आणि मागणाऱ्याला बोल लावत नाही, असा त्या वचनाचा आशय. त्यावर आपण प्रवचनं ऐकली, त्याच्या पाट्या भिंतीवर लावल्या. त्यातलं "बोल लावत नाही" एवढंच आज मला आपल्यापुढे ठेवायचं आहे. कारण माझं गाऱ्हाणं तिथेच आहे: देव बोल लावत नाही, आपण लावतो. आणि आपण बोल लावतो म्हणून आपली माणसं विचारायचं थांबतात. विचारायचं थांबली की जो कुणी डोक्यावर हात ठेवून गोड बोलेल त्याच्या मागे जातात.

माझी ओळख एवढीच, की मी निवृत्त परिचारिका आहे. सारी नोकरी याच भागातल्या दवाखान्यांत गेली. त्यामुळे हे पत्र पंडिताचं नाही. त्यात देवशास्त्र कमी आणि गोळ्यांच्या पट्ट्या जास्त असल्या तर सांभाळून घ्यावं.

आमच्या ओळखीतल्या एका बाईंची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही. क्षयरोग झाला. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरलेलं. सरकारी औषध सुरू झालं. साध्या टीबीचा इलाज सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या फुकट मिळतात. कठीण असतं ते रोज घेणं, कारण मळमळतं, लघवी लालसर होते, तोंडाची चव जाते. या बाई कॅलेंडरच्या चौकोनात रोज बरोबरची खूण करत. दुसऱ्या महिन्यात ताप गेला, भूक लागली. त्याच सुमारास कुणी तरी त्यांना एका मैदानावरच्या आरोग्यदान सभेला नेलं. डोक्यावर हात ठेवला गेला, व्यासपीठावर बोलावून साक्ष द्यायला लावली गेली, आणि सांगण्यात आलं की आता गोळी घेणं म्हणजे देवाने दिलेलं परत करणं. कॅलेंडरवरच्या खुणा त्या तारखेला थांबल्या. पुढचे सगळे चौकोन कोरे. मी ते कॅलेंडर पाहिलं तेव्हा पट्ट्या तिथेच खाली, बिस्किटाच्या डब्यात, न फोडलेल्या.

ताप गेला होता तो औषधाने. टीबीत असंच होतं: माणसाला बरं वाटायला लागतं तेव्हा जंतू अर्धेमुर्धे शिल्लक असतात, आणि औषध मध्येच सोडलं की उरलेले त्या औषधाला जुमानेनासे होतात. मग लागतो तो दुसरा, जड औषधांचा इलाज, आणि तोवर घरातल्या नातवंडांच्या छातीत काय शिरलं असेल ते देव जाणे. बाई वाचल्या. वर्ष गेलं त्यात, आणि एका कानाने कमी ऐकू येतं.

मी त्यांना विचारलं, बंद करण्याआधी कुणाला विचारलंत का नाही? त्यांचं उत्तर आजही माझ्या डोक्यातून जात नाही. त्या म्हणाल्या, "सिस्टर, कुणाला विचारणार? दवाखान्यात विचारलं तर तिथे ओरडतात. पाळकसाहेबांना विचारलं असतं तर म्हणाले असते, तिकडच्या सभेला गेलातच कशाला. आणि तिथे विचारलं तर म्हणतात, विश्वास कमी आहे."

तीन दारं, आणि तिन्ही दारांत बोल. यांतलं पहिलं दार माझं होतं, ते मी नाकारत नाही. ओपीडीत तीनशे माणसांची रांग असली की आवाज चढतो. पण दुसरं दार आपलं आहे. आणि ज्या सभेत तिला नेलं तिथे निदान सुरुवातीला तरी कुणी तिला हाताला धरून बसवलं, नाव विचारलं, तिच्यासाठी रडलं. मूर्खपणाकडे माणूस मूर्ख आहे म्हणून जात नाही. तिकडे त्याची विचारपूस होते म्हणून जातो.

आपल्या गल्लीचाच एक जुना प्रसंग आहे. सात रस्त्याकडे जाणारा साने गुरुजी मार्ग पूर्वीचा आर्थर रोड, आणि त्यावरचं कस्तुरबा रुग्णालय म्हणजे जुनं आर्थर रोडचं साथरोगांचं हॉस्पिटल. २०२० साली करोनाचे मुंबईतले पहिले रोगी आणले ते इथेच. १८९६ साली प्लेग आला तेव्हाही रोगी इथेच आणत. त्या ऑक्टोबरात हजारभर गिरणी कामगार या हॉस्पिटलवर चालून गेले. आत नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, डॉक्टरच मारतात, अशा अफवा घरोघर होत्या. आज आपण त्यांना अडाणी म्हणून मोकळे होतो. पण सरकारी माणसं घरात शिरत होती, रोग्याला उचलून नेत होती, आणि का नेलं, कुठे नेलं हे विचारायची सोय नव्हती. ज्याला विचारायची सोय नसते तो अफवेवर जगतो, मग तो गिरणीतला असो की मंडळीतला.

त्याच साथीत मांडवीत रोग ओळखणारा डॉक्टर आपल्यातला होता, गोव्याचा ख्रिस्ती माणूस: डॉ. अकासिओ व्हिएगस. २३ सप्टेंबर १८९६ला त्यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं आणि मग स्वच्छतेसाठी, उंदीर मारण्यासाठी रान उठवलं. पुढे हाफकिनची लस आली. त्या ज्यू शास्त्रज्ञाने १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, इथून हाकेच्या अंतरावर, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. व्हिएगसांनी हजारो लोकांना ती टोचली. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आपल्या किती संडे स्कूलच्या मुलांना तो कुणाचा हे ठाऊक आहे? देवाने त्या साथीत मुंबईची किती प्रार्थना ऐकली त्याचा हिशेब माझ्याकडे नाही, पण ऐकली असेल त्यातली बरीचशी या दोघांच्या हातून ऐकली, असं मी मानते.

"सिस्टर, हे तुमचं दवाखान्याचं बोलणं झालं, शास्त्राचं बोला," असं काही बंधू म्हणतील. बोलू या.

हिज्कीया राजा मरायला टेकला, त्याने प्रार्थना केली, देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली. चमत्कारच. पण यशया संदेष्ट्याने त्याच वेळी गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलं. देव बरं करणार हे ठरलेलं असताना औषध कशाला? यशयाला तो प्रश्न पडलेला दिसत नाही. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. विश्वास वाढव असं नाही सांगितलं. आणि तीमथ्यालाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, सहज लिहून जावं तसं, पौल लिहितो की त्रफिमाला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजारी बरे होत, त्या प्रेषिताचा स्वतःचा साथीदार आजारी, आणि प्रेषित पुढच्या गावाला गेलेला. या ओळीवर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेलं नाही. व्यासपीठावरून "विश्वास असेल तर बरे व्हालच" असं सांगणाऱ्यांनी एकदा त्रफिमाचा विश्वास किती होता ते सांगावं.

पण या सगळ्यांपेक्षा मोठा दाखला खुद्द प्रभूचा. सैतानाने त्याला मंदिराच्या शिखरावर नेलं आणि म्हणाला, टाक उडी, देवदूत झेलतील असं शास्त्रातच लिहिलं आहे. सैतान वचन बरोबर सांगत होता. प्रभूने ते खोटं ठरवलं नाही. देवाची परीक्षा पाहायची नाही, एवढं सांगून तो खाली आला, पायांनी. माझ्या मते गोळ्यांची पट्टी बिस्किटाच्या डब्यात टाकणं म्हणजे त्या शिखरावरून मारलेली उडी. ती उडी मारायला लावणारा हातात पवित्र शास्त्र धरून उभा असला म्हणून तो कोण आहे हे बदलत नाही. हे कडक वाटेल. वाटू दे.

आपल्या मंडळीत दारूवर, शिव्यांवर, बाहेरच्या लग्नांवर पंच बसतात, नोटिसा निघतात. मूर्खपणावर कधी पंच बसले आहेत का? दहा कुमारींपैकी ज्या पाच बाहेर राहिल्या त्यांनी पाप तरी काय केलं होतं? चोरी नाही, व्यभिचार नाही. वराची वाट त्याही पाहत होत्या. तेल किती लागेल याचा विचार केला नाही, बस. तेवढ्याने दार बंद झालं. नीतिसूत्रांमध्ये ज्ञान एखाद्या बाईसारखं चवाठ्यावर, वेशीवर, बाजारात उभं राहून हाक मारतं. मंदिरात नाही, बाजारात. आपल्या हिशेबाने म्हणजे लालबागच्या मसाल्याच्या गिरणीपाशी, चिंचपोकळी स्टेशनच्या पुलावर. जिथे पैसे द्यायचे-घ्यायचे असतात, सह्या करायच्या असतात, नवस बोलायचे असतात, तिथे.

सह्यांवरून आठवलं. आपल्या पट्ट्यात सध्या पुनर्विकासाचे दिवस आहेत. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. त्यात ज्यांच्या घरची चूल थंडावली त्यांची मुलं-नातवंडं आज पहिल्यांदाच बऱ्यापैकी रक्कम एकत्र पाहताहेत: कुणाला बिल्डरचं भाडं, कुणाला कॉर्पस, कुणाला खोली विकून आलेले. ही बातमी आपल्याला कळते तशी इतरांनाही कळते. "बी पेरा, शंभरपट घ्या" हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. पडद्यावर क्यूआर कोड, खाली लिहिलेलं की आजच्या आज पेरणाऱ्यांसाठी खास आशीर्वाद. शेतकऱ्याच्या घरातली माणसं आपण, नगर-जालन्याकडून आलेली. बी कुणाच्या रानात पडतं आणि पीक कुणाच्या कोठारात जातं एवढं तरी आपल्याला कळायला हवं होतं.

हे फक्त आपल्यातच होतं असं नाही. २०२५च्या जानेवारीत दादरला टोरेसच्या दुकानाबाहेर जी गर्दी उसळली, आठवड्याच्या आठवड्याला मिळणाऱ्या परताव्याच्या आशेने पैसे गुंतवून बसलेली, ती काही एका धर्माची नव्हती. पण तिथे निदान कुणी देवाचं नाव घेऊन वायदा केला नव्हता. दशांश मी देते, द्यावा असं मानते. ज्या दासाला हिशेब विचारला की राग येतो, त्याला मात्र देऊ नये.

आता एक खरी अडचण. आपल्यातले काही वडील म्हणतील की विश्वास हा जगाच्या दृष्टीने मूर्खपणाच असतो. पौलाने करिंथकरांना तेच लिहिलं. क्रूस हा शहाण्यांना मूर्खपणा. ना. वा. टिळकांना लोकांनी वेडा म्हटलं, पंडिता रमाबाईंना तर काय काय म्हटलं. मग आम्हाला वेडं म्हटलं तर बिघडलं काय?

हा आक्षेप मी हलका समजत नाही. म्हणून त्या दोघांकडेच बघू या.

टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. ते उतरले आणि लगेच तळ्यावर गेले असं झालं नाही. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले, वाचत राहिले, प्रश्न काढत राहिले, पत्रव्यवहार करत राहिले. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ला, आपल्या मुंबईतच. लक्ष्मीबाईंनी तर नवऱ्यामागून लगोलग जायचं साफ नाकारलं. स्वतःला पटायला त्यांना आणखी पाच वर्षं लागली, १९०० उजाडलं. त्या पाच वर्षांत त्यांच्या मनात काय काय चाललं होतं ते 'स्मृतिचित्रां'त आहे. माझ्या मते आपल्या भाषेत विश्वासाविषयी इतकं प्रामाणिक पुस्तक दुसरं नाही, आणि इतकं हसवणारंही नाही.

आणि रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर ज्या सिस्टरांच्या आश्रमात त्या राहत होत्या त्यांनाच प्रश्नांनी भंडावून सोडलं. त्रैक्य म्हणजे काय, हे शास्त्रात कुठे आहे, मंडळी सांगते म्हणून मी का मानू? आश्रय देणाऱ्यांनाच असं विचारायचं म्हणजे धाडस पाहिजे. त्यांना कृतघ्न म्हटलं गेलं, गर्विष्ठ म्हटलं गेलं. त्यांचा तो पत्रव्यवहार छापलेला आहे. आपल्या पंचांनी तो वाचावा, म्हणजे प्रश्न विचारणारी तरुण मुलगी समोर आली की तिला काय काय म्हणायचं नाही ते कळेल. १८८९च्या मार्चमध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीला शारदा सदन काढलं, म्हणजे आपल्या शेजारीच. पुढे पुणे, केडगाव. १८९७च्या प्लेगात पुण्याच्या इस्पितळात बायकांचे काय हाल होतात हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून जाहीर केलं. ते ख्रिस्ती वर्तमानपत्रात आलं, ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारविरुद्ध. गव्हर्नर चिडला. त्या मागे हटल्या नाहीत.

१९०५ साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं जागरण झालं. मुली रात्र रात्र प्रार्थना करत, रडत, मोठ्याने ओरडत. आजच्या आपल्या सभा त्यापुढे थंड वाटतील. जागरणाच्या नावाने आपण ज्या गोष्टी करतो, त्यांचं घराणं तिथून सांगतो. पण त्याच आवारात छापखाना होता, आणि खिळे जुळवणाऱ्या बायका होत्या. त्याच आवारात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचं मराठी करत बसल्या होत्या, साध्या बाईला कळेल असं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. ते शास्त्र १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आलं. एकाच कुंपणात रात्रभराचं रडणं आणि दिवसभराचं व्याकरण. आपण त्यातलं रडणं तेवढं उचललं.

या माणसांना जगाने वेडं ठरवलं खरं. टिळकांचं घर दुभंगलं, पंगत तुटली, सासर-माहेर तुटलं. शेवटी त्यांनी मिशनचा पगारही सोडला. रमाबाईंनी हिंदू मित्र गमावले, गोरे आश्रयदाते दुखावले. त्यांच्या वेडेपणाची किंमत त्यांनी स्वतः भरली. मी ज्या मूर्खपणाविषयी लिहिते आहे त्याची किंमत सांगणारा भरत नाही, ऐकणारा भरतो. संदेष्टा विमानाने पुढच्या शहराला जातो आणि चाळीतल्या बाईचा कान जातो. ख्रिस्तासाठी वेडा कोण आणि ख्रिस्ताच्या नावावर दुसऱ्याला वेडं करणारा कोण, हे ओळखायला मला तरी एवढी कसोटी पुरते: बिल कुणाच्या नावावर फाटतं ते पाहा.

हे पत्र खुलं लिहिलं म्हणून काही जण रागावतील. घरातलं घरात बोलावं, बाहेर टपलेले आहेतच, असं म्हणतील. ती भीती खोटी नाही. आपल्या प्रार्थनासभेवर धर्मांतराचा आळ यायला हल्ली वेळ लागत नाही. खिडकी लावून गाणं म्हणायची पाळी काही ठिकाणी आली आहे. पण झाकून ठेवल्याने आपण सुरक्षित होत नाही. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे, करणारा भगव्यात असो, हिरव्यात असो की पांढऱ्या झग्यात. उद्या पोलीस येऊन विचारणार त्याआधी पंचांनी विचारलेलं काय वाईट? बिरुयाच्या लोकांनी तर पौलाचं बोलणंही रोज शास्त्राशी ताडून पाहिलं, आणि लूकाने त्याबद्दल त्यांना थोर म्हटलं, उद्धट नाही म्हटलं.

तर आता मागणं. फार नाही.

आरोग्याची साक्ष व्यासपीठावरून द्यायची असेल तर अवश्य द्यावी, पण त्याच श्वासात पाळकसाहेबांनी सांगावं की डॉक्टरने सांगितल्याशिवाय औषध कुणी बंद करू नये. दर वेळी सांगावं, कंटाळा येईपर्यंत. इन्सुलिन, बीपी, फिट्स, मनाच्या आजाराच्या गोळ्या, टीबी, ही नावं घेऊन सांगावं; मोघम "काळजी घ्या" म्हटलेलं कुणी ऐकत नाही. मनाच्या आजाराला भूतबाधा म्हणून कुणालाही कोंडून ठेवू नये, हे वेगळं सांगायची वेळ यावी याची मला लाज वाटते, पण सांगते. पाहुणा वक्ता बोलावताना अर्पण कुणाच्या खात्यात जाणार ते आधी ठरवावं, आणि नंतर फळ्यावर लिहावं. नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस आहेत. महिन्याला एक फेरी घराघरात सहज होते. त्याबद्दल अधिक सांगायला नको.

माझं मुख्य मागणं वेगळं आहे. आपल्या प्रत्येक मंडळीत एखादी परिचारिका आहे. परळभर इस्पितळं असताना नसेल तरच नवल. एखादा बँकेतून निवृत्त झालेला आहे, एखादा कोर्टात कारकून, एखादी शिक्षिका, कुणाची सून वकील. हे लोक रविवारी आपल्यासारखेच गाणी म्हणून घरी जातात. शलमोनाला गिबोनात देवाने हवं ते माग म्हटलं तेव्हा त्याने मागितलं ते ऐकणारं मन, लोकांचा न्याय करता यावा म्हणून. आणि ते मिळाल्यावर त्याच्यापुढे पहिल्या कोण आल्या? एका मुलावरून भांडणाऱ्या दोन वेश्या. राजाने त्यांना तुम्ही कोण, कुठल्या, इथे आलातच कशा असं म्हटलं नाही. आधी दोघींचं ऐकून घेतलं. आपल्या मंडळीत असं ऐकून घेणारं एक टेबल हवं. आठवड्यातून एक संध्याकाळ. बिल्डरचा करार घेऊन या, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन या, व्हॉट्सॲपवर आलेली भविष्यवाणी घेऊन या, भिशीचं वही-खातं घेऊन या. आधी प्रार्थना, शहाणपणाची. मग चष्मा लावून कागद वाचायचा. आम्हाला कळलं नाही तर कळणाऱ्याकडे पाठवू.

एकच नियम. टेबलापलीकडच्याने "आधी का नाही आलात" हे वाक्य उच्चारायचं नाही. सभेला गेला असेल, पैसे देऊन बसला असेल, गोळ्या टाकून दिल्या असतील, बाबाकडून ताईत आणला असेल, तरी नाही. ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस तोंड मिटून सोबत केली तोवर ते चांगले होते. तोंड उघडून दोष काढायला लागले आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावरच. हा नियम पाळणं सगळ्यांत अवघड आहे, मला तर फारच. सवय जात नाही. म्हणून टेबलावर माझ्याशेजारी माझ्यापेक्षा मऊ स्वभावाचं कुणी तरी बसवावं.

हे पत्र पुढच्या पंचांच्या सभेत वाचावं आणि उत्तर कळवावं. "बघू" हे उत्तर धरलं जाणार नाही. टेबल-खुर्च्या मंडळीच्या, बीपीचं मशीन माझं. रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल. रविवारी उपासना सुटली की मेगाब्लॉकच्या भीतीने कुणाचंच लक्ष नसतं.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
चिंचपोकळी